गुराब, गलबत आणि कोब्रा मार्क थ्री

दिवाळी अंकात किल्ल्यांवर लेख येतात, लढायांवर येतात, महाराजांवर तर येतातच. पण जहाजावर कुठली तोफ लावायची हे कुणी आणि कशाच्या हिशेबानं ठरवलं, यावर सहसा कुणी लिहीत नाही. मलाही ते सुचलं नसतं. मी मूळची अलिबागची. इतिहासात एम.ए. केलं, त्या पदवीचा उपयोग कायझर्सलाउटर्नला आल्यापासून शिवजयंतीला मुलांची भाषणं लिहून देण्यापुरताच उरला आहे. पण गेल्या हिवाळ्यात आमचे चिरंजीव (वय वर्षं तेरा) कॉम्प्युटरसमोरून ओरडले, "आई, दोन मीडियम आणि दोन स्मॉल जागा आहेत. वाफन कुठले लावू?" आमच्या घरात मराठी अशीच बोलली जाते, वाचकांनी सांभाळून घ्यावं. वाफन म्हणजे शस्त्रं.

गेमचं नाव 'एलिट डेंजरस'. २०१४ साली आलेला. त्यात आपलं एक अंतराळयान असतं. त्यावर शस्त्रं बसवायच्या जागा मोजक्या, जहाजातली वीज मोजकी आणि खिशातले पैसेही मोजकेच. लेझर घेतलं तर शत्रूची ऊर्जेची ढाल लवकर उतरते, पण ढाल उतरल्यावर जहाजाच्या पत्र्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. गोळ्या झाडणारी तोफ घेतली तर बरोबर उलटं. शिवाय तोफ जहाजाला घट्ट बसवलेली असेल तर मार सगळ्यांत जोरात, पण नेम धरायला अख्खं जहाज वळवावं लागतं. थोडी हलणारी घेतली तर मार थोडा कमी. सगळीकडे फिरणारी घेतली तर सगळ्यांत कमी. सोय वाढली की मार घटतो, असा सगळा मामला.

चिरंजीवांनी कुठल्याही तेरा वर्षांच्या मुलानं केलं असतं तेच केलं. चारही जागांवर परवडेल तेवढं महागडं लेझर. लढाईच्या तोंडावर तोफा बाहेर काढल्या आणि वीज पुरेना म्हणून जहाजाची ढालच बंद पडली. पुढचं सांगायला नको.

"पण सगळ्यात स्ट्राँग तेच होतं!" ही त्यांची तक्रार. ती ऐकताना मला वाटलं, हा प्रश्न तर आमच्या अलिबागच्या किनाऱ्यावर तीनशे वर्षांपूर्वी सुटलेला आहे. मग बऱ्याच दिवसांनी पुस्तकं खाली काढली, आणि गेमच्या इतिहासाचंही थोडं वाचन केलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

सुरुवात अमेरिकेतून करू. १९६२ साली एमआयटी या संस्थेत पीडीपी-१ नावाच्या कॉम्प्युटरवर स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी 'स्पेसवॉर' नावाचा खेळ तयार केला. गोल पडद्यावर दोन यानं, एक सुईसारखं आणि एक पाचरीसारखं. मधोमध एक तारा, तो दोघांनाही आपल्याकडे ओढतो. शस्त्र एकच, टॉर्पेडो. आणि ते मोजके. इंधनही मोजकं. गंमत म्हणजे तारा यानांना ओढतो, पण टॉर्पेडोला ओढत नाही, कारण तेवढं गणित करायला त्या मशीनला वेळच पुरत नसे. म्हणजे यान वाकड्या वाटेनं जाणार आणि टॉर्पेडो सरळ, हे ध्यानात ठेवून खेळायचं. इथे शस्त्र निवडायचं नव्हतं, पण वापरायचं कधी हा हिशेब होता.

अवकाशातल्या युद्धाची भाषा पहिल्या दिवसापासून समुद्राची आहे, हे लक्षात घ्या. यानाला 'शिप' म्हणतात, शस्त्राला 'टॉर्पेडो'. पुढे फ्रिगेट आले, क्रूझर आले. पोकळीत पाणी नाही, वारा नाही, तरी सगळं आरमारच. माझ्या मते हे नुसतं शब्दांचं उसनं नाही, पण त्याकडे नंतर येते.

१९७८ च्या जपानी 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये तर एका वेळी एकच गोळी. ती लागेपर्यंत किंवा वर निघून जाईपर्यंत दुसरी सुटत नाही, म्हणजे नेम चुकला की शिक्षा थांबण्याची. १९७९ च्या 'ॲस्टेरॉइड्स'मध्ये पडद्यावर एका वेळी चार गोळ्या. प्रगती म्हणायची!

खरी निवड आली ती १९८४ साली. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या इयन बेल आणि डेव्हिड ब्रेबन या दोन मुलांनी बीबीसी मायक्रो या घरगुती कॉम्प्युटरसाठी 'एलिट' लिहिला. आमच्या चिरंजीवांचा गेम हा त्याचाच नातू, आणि त्यांचं कोब्रा मार्क थ्री हे यानही तेव्हाचंच. (त्या गेममधली बहुतेक जहाजं सापांच्या नावांची. त्यातला 'क्रेट' म्हणजे आपला मण्यार. हे सांगितल्यावर घरात माझा भाव थोडा वधारला.) सुरुवातीला हातात १०० क्रेडिट, तोंडाशी एक साधं पल्स लेझर आणि तीन क्षेपणास्त्रं. नवं पल्स लेझर ४०० ला, बीम लेझर १००० ला, लष्करी लेझर ६००० ला. क्षेपणास्त्र मात्र फक्त ३० ला. ते स्वस्त का? कारण ६०० क्रेडिटचं एक यंत्र ज्याच्याकडे आहे तो एक बटण दाबून ते वाटेतच निकामी करतो. लेझर कुणाला थांबवता येत नाही, पण ते तापतं आणि तापलं की गप्प बसतं. लेझर चार दिशांना बसवता येई, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. आणि हे सगळे पैसे कमवायचे कसे? तर या ग्रहावरून त्या ग्रहावर धान्य आणि यंत्रं विकून. म्हणजे तोफ घेणं हा व्यापाऱ्याचा निर्णय झाला. हा मुद्दा इतिहासाच्या विद्यार्थिनीला फार आवडला, कारण समुद्रावर तोफ नेहमीच व्यापाऱ्याच्या पाठोपाठ आली आहे.

आता इथे थोडं थांबून जर्मनीबद्दल सांगायला हवं. आमच्या गावापासून रामस्टाइनचा अमेरिकन विमानतळ अगदी जवळ आहे. अंगणात कपडे वाळत घालताना डोक्यावरून लष्करी मालवाहू विमानं जातात, आणि कुठे काही पेटलं की त्यांची संख्या वाढते. अशा गावात मुलगा 'वाफन' निवडत बसलेला पाहून शेजारच्या आजींनी मला सौम्यपणे विचारलं होतं, की हे ठीक आहे का. त्यांच्या पिढीच्या मनात हा प्रश्न येणं मी समजू शकते. याच देशात १९८४ च्या डिसेंबरमध्ये तरुणांना घातक साहित्य तपासणाऱ्या सरकारी कार्यालयानं 'रिव्हर रेड' हा विमानाचा खेळ काळ्या यादीत टाकला. कॅरल शॉ नावाच्या बाईंनी १९८२ साली केलेला तो खेळ, त्यात नदीवरून विमान उडवत पूल आणि जहाजं फोडायची. लहान मुलांमध्ये लष्करी वृत्ती वाढेल असा आक्षेप होता. १९८५ च्या कायद्यानं सार्वजनिक जागीच्या व्हिडिओ गेमच्या मशीनपासून अठरा वर्षांखालच्या मुलांना दूर ठेवलं. 'रिव्हर रेड' यादीतून बाहेर यायला २००२ साल उजाडलं, आणि आज ते चौकोनी ठिपक्यांचं विमान पाहिलं तर हसू येतं. २००३ पासून इथे प्रत्येक गेमच्या खोक्यावर वयाचा रंगीत शिक्का असतो, तो आपण सगळे ओळखतोच.

आजींना मी काय उत्तर दिलं ते फारसं महत्त्वाचं नाही. पण मला स्वतःला वाटतं ते असं, की तोफ कशी निवडली जाते हे कळलेला मुलगा आणि नुसती तोफ उडवणारा मुलगा यांत फरक आहे. पहिल्याला निदान एवढं कळतं की प्रत्येक शस्त्राची किंमत कुणीतरी, कशात तरी मोजलेली असते.

एवढं झाल्यावर याच जर्मनीत, आखेनजवळच्या व्युर्सेलेन या छोट्या गावातल्या एगोसॉफ्ट कंपनीनं १९९९ साली 'एक्स: बियाँड द फ्रंटियर' काढला. व्यापार, कारखाने, लढाई असा 'एलिट'चाच जर्मन चुलतभाऊ. पुढच्या भागांत तिथेही तेच: हलकी तोफ भराभर उडते आणि वीज कमी खाते, प्लाझ्माची जड तोफ एका फटक्यात भगदाड पाडते, पण तिचा गोळा इतका सावकाश जातो की चपळ शत्रू सहज बाजूला होतो.

आता मघाचा मुद्दा. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधली अवकाशातली झुंज जॉर्ज लुकसनं दुसऱ्या महायुद्धातल्या विमानयुद्धांच्या चित्रफिती जोडून आधी आखली होती, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. गेमच्या बाबतीतही तेच घडलं. लॉरेन्स हॉलंड हा माणूस आधी महायुद्धातल्या विमानांचे खेळ करत असे. त्यानंच १९९३ साली 'एक्स-विंग' केला. त्यात जहाजाची ताकद इंजिन, तोफा आणि ढाल या तिघांत वाटायची. तोफांना जास्त दिली तर वेग गेला, वेग घेतला तर तोफा उपाशी. आमच्या चिरंजीवांच्या गेममध्येही ही वाटणी आहे, सहा ठिपक्यांची.

'एक्स-विंग'मधलं एक शस्त्र मला फार महत्त्वाचं वाटलं. वाय-विंग नावाच्या जाड्या, मंद जहाजावर आयन तोफ असते. ती शत्रूचं जहाज फोडत नाही. ते लुळं करते. इंजिन बंद, तोफा बंद, जहाज अख्खं. मग आपली माणसं भरलेली दुसरी जहाजं येऊन त्याला चिकटतात आणि ते ताब्यात घेतात. फोडण्याची तोफ वेगळी आणि पकडण्याची तोफ वेगळी, आणि काय हवंय ते आधी ठरवल्याशिवाय निवड करता येत नाही.

हे वाचलं आणि मला थेट आंग्रे आठवले.

रॉबर्ट ऑर्म हा ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार. त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड १७६३ साली निघाला. आंग्र्यांना तो चाचेच म्हणतो. छत्रपतींचा सरखेल आपल्या पाण्यात जाणाऱ्या जहाजांकडून परवान्याचे पैसे घेतो ही चाचेगिरी, आणि कंपनी स्वतःचे परवाने विकते तो कारभार, असं एकूण. पण माणूस निरीक्षणाचा पक्का. आंग्र्यांच्या जहाजांचं त्यानं केलेलं वर्णन एखाद्या गेमच्या माहितीपत्रकासारखं आहे. गुराब दोन डोलकाठ्यांची, क्वचित तीन. तीनवाली ३०० टनांच्या आसपास, दोनवाली १५० पर्यंत. लांबीच्या मानानं रुंद, तळ उथळ, पाण्यात फार बुडत नाही. पुढे चोच काढल्यासारखं लांब टोक, आणि त्या टोकावरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा, नऊ किंवा बारा पौंडी. बाजूला सहा ते नऊ पौंडी. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आत. त्यावर दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा, किंवा नुसते फिरते जंबुरे. पण चाळीस-पन्नास वल्ही, आणि ती मारणारी दणकट माणसं. ताशी चार मैल जाई. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतं म्हणजे आंग्र्यांचं मुख्य आरमार.

पौंड म्हणजे गोळ्याचं वजन. त्याच काळातली युरोपियन मोठी जहाजं अठरा, चोवीस, बत्तीस पौंडी तोफा बाळगत, आणि एकेका बाजूला डझनांनी. म्हणजे कागदावर आंग्र्यांचं आरमार अगदीच किरकोळ. चिरंजीव म्हणाले असते, "हे कसं जिंकणार?"

जिंकण्याची रीत ऑर्मनंच सांगितली आहे. युरोपियन जहाजाच्या तोफा दोन बाजूंना. समोर आणि मागे जवळजवळ काही नाही. वारा पडला की ते मोठं धूड जागच्या जागी उभं. अशा वेळी गलबतं वल्ही मारत गुराबांना दोर लावून ओढत नेत, ती थेट त्या जहाजाच्या पाठीमागे. तिथून गुराबा आपल्या समोरच्या दोन-दोन तोफांनी मारा करत. नेम कशावर? डोलकाठ्यांवर, दोरांवर, शिडांवर. जहाज बुडवायचं नाही, लुळं करायचं. बुडालेल्या जहाजातला माल आणि तोफा कुणाला मिळणार? एकदा ते लुळं झालं की गलबतं चहूबाजूंनी जाऊन भिडत आणि एकेका गलबतातून दोन-तीनशे माणसं तलवारी घेऊन वर चढत. आयन तोफ आणि माणसांची जहाजं, दुसरं काय!

मग गुराबेवर बारा पौंडीऐवजी चोवीस पौंडी का लावली नाही? इथे ती चार जागांची आणि मोजक्या विजेची गोष्ट परत येते. तोफ जड झाली की जहाज जास्त बुडतं, आणि कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे बांध आहेत. जास्त बुडणारं जहाज भरतीची वाट पाहत बाहेर उभं राहणार, म्हणजे शत्रूच्या हातात. जड तोफेचा मागे येणारा धक्का हलकं जहाज सोसत नाही. ते वल्ह्यांनी ओढता येत नाही. शिवाय मोठ्या तोफा बहुतेक युरोपियनांकडूनच विकत घ्यायच्या किंवा लढाईत मिळवायच्या. आंग्र्यांकडे विजेचं गणित नव्हतं, पण खोलीचं होतं. पाण्यात किती हात बुडायचं, यातच सगळं आलं.

हा विचार एकट्या कान्होजींचा नव्हता. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त, म्हणजे १७१५ च्या सुमारास, आरमारावर एक प्रकरणच आहे. जहाजं फार मोठी नकोत, फार लहान नकोत, मध्यम असावीत. वाऱ्यावाचून ज्यांचं पान हलत नाही अशी धुडं कामाची नाहीत. एका सुभ्याला पाच गुराबा आणि पंधरा गलबतं. वारा उलटा असेल तर लढाई घेऊ नये, आपल्या किल्ल्याच्या आसऱ्याला यावं. शत्रू शरण आलोय म्हणाला तरी त्याच्या एकदम जवळ जाऊ नये. पाचाला पंधरा हे प्रमाण मला फार बोलकं वाटतं. तोफा वाहणारी पाच, ओढणारी आणि चढून जाणारी पंधरा. जाता जाता एक, जुन्या मराठीत तोफेला 'भांडं' म्हणत. जहाजावर भांडी चढवली असं जुन्या कागदात वाचलं तर स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणू नये.

या रीतीची पहिली मोठी परीक्षा महाराजांच्या हयातीतच झाली, १६७९ साली खांदेरीला. महाराजांनी मुंबईच्या तोंडावरच्या त्या बेटावर किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रज हादरले. १८ ऑक्टोबरला दौलतखानाची गलबतं चौलच्या बाजूनं इंग्रजांवर चालून गेली. इंग्रजांची 'डव्ह' नावाची गुराब मराठ्यांनी पकडली, बाकीची लहान जहाजं पळाली. 'रिव्हेंज' हे फ्रिगेट मात्र एकटं उभं राहिलं आणि त्याच्या बाजूच्या तोफांपुढे गलबतांचं काही चाललं नाही, ती नागोठण्याच्या खाडीत परतली. हेही सांगायला हवं, नाहीतर इतिहासाचा पोवाडा होतो. पण 'रिव्हेंज'ला त्या उथळ खाडीत पाठलाग करता आला नाही. लहान होड्या रात्रीच्या अंधारात रसद घेऊन बेटावर पोचतच राहिल्या, आणि इंग्रज कागदोपत्री त्यांच्या चपळाईबद्दल कुरकुरत राहिले. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी नाद सोडला. खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

याच्या अगदी उलट गोष्ट म्हणजे 'फ्राम'. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून यानं कान्होजींचा बंदोबस्त करायचा चंगच बांधला होता. १७१७ साली विजयदुर्गावर हल्ला फसला, १७१८ साली खांदेरीवर फसला. मग असं ठरलं की जहाज उथळ हवं हे खरं, पण तोफा मात्र सगळ्यांत मोठ्या हव्यात. म्हणून सपाट तळाचा, जाड लाकडाचा तरंगता बुरूजच बांधला. त्यावर अठ्ठेचाळीस पौंडी तोफा. १७२० साली तो विजयदुर्गापुढे नेऊन उभा केला. आणि तोफा उडवल्यावर काय झालं? त्यांची तोंडं पुरेशी वर उचलता येईनात. गोळे किल्ल्याऐवजी थोड्याच अंतरावर पाण्यात पडू लागले. सुतार लावून डागडुजी केली, पण किल्ला पडायचा तो पडला नाहीच. परतीच्या वाटेवर खऱ्याखुऱ्या युरोपियन चाच्यांशी गाठ पडली, तेव्हा ओढून न्यायची कटकट नको म्हणून इंग्रजांनी स्वतःच फ्राम जाळून टाकला. चार महागडी लेझरं लावून ढाल घालवून बसलेल्या आमच्या कॅप्टनला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो पहिल्यांदा मनापासून हसला.

मोठ्या तोफेची ही अडचण गेमवाल्यांनी फार बारकाईनं पकडली आहे. आइसलंडच्या कंपनीनं २००३ साली काढलेला 'ईव्ह ऑनलाइन' घ्या. जगभरचे हजारो लोक एकाच आकाशात खेळतात. २०१४ च्या जानेवारीत त्यात एकवीसेक तास चाललेली एक लढाई झाली आणि ७५ महाकाय जहाजं नष्ट झाली. या गेममध्ये प्रत्येक तोफेला मारा किती जोरात एवढंच नसतं, तिचा बुरूज किती वेगानं वळतो हेही असतं. अजस्र जहाजाची अजस्र तोफ लांबच्या मोठ्या जहाजाचा चुराडा करते. पण एखादं छोटं फ्रिगेट तिच्या अगदी जवळ येऊन भोवती गरगर फिरू लागलं, तर तिला वळताच येत नाही. समोरून सरळ चालत आलात तर मेलात, आडवे फिरत राहिलात तर वाचलात. पाठीमागे जाऊन बसलेल्या गुराबेला हे कुणी सांगायला नको होतं.

म्हणून मला असं वाटतं, की शस्त्र निवडणं म्हणजे खरं तर अंतर निवडणं. कुठल्या अंतरावर, कुठल्या बाजूनं, कुठल्या पाण्यात लढायचं हे ज्याच्या हातात असतं त्याची लहान तोफही पुरते. ते दुसऱ्याच्या हातात गेलं की मोठीही पुरत नाही. आंग्र्यांची पुढची हकिकत याच दृष्टीनं वाचावी.

कान्होजी १७२९ साली गेले. मुलांत भाऊबंदकी झाली, ते इथे सांगत बसत नाही. तुळाजी आंग्रे विजयदुर्गाला होते आणि हिंमतवान होते. त्यांनी १७४९ साली इंग्रजांचं 'रिस्टोरेशन' पकडलं. १७५४ साली ५०, ३६ आणि १८ तोफांच्या तीन डच जहाजांशी गाठ पडली, तेव्हा दोन मोठी जाळली आणि तिसरं ताब्यात घेतलं. पण पेशव्यांशी वैर वाढलं आणि नानासाहेबांनी इंग्रजांना हाताशी धरलं.

१७५५ च्या मार्चमध्ये कमोडोर विल्यम जेम्स ४४ तोफांचं 'प्रोटेक्टर' घेऊन सुवर्णदुर्गाकडे आला. आंग्र्यांचं आरमार त्याच्या तोफांच्या टप्प्यात थांबलंच नाही. जहाजं हलकी व्हावीत म्हणून होतं नव्हतं ते समुद्रात फेकलं, आणि वाऱ्याची झुळूकही वाया जाऊ नये म्हणून दोरांवर कपडे, गोधड्या, डोक्यावरची पागोटीसुद्धा पसरून बांधली! हे ऑर्मच लिहितो. शिड म्हणून पागोटं. इंजिनाला सगळे ठिपके, तोफांना शून्य. जेम्सला ते गाठता आले नाहीत. पण किल्ल्याला पळता येत नाही. जेम्स परत वळला आणि एप्रिलच्या सुरुवातीला सुवर्णदुर्ग पडला.

पुढच्या वर्षी ॲडमिरल वॉटसन विजयदुर्गावर आला. 'केंट', 'टायगर', 'कंबरलँड' अशी साठ-सत्तर तोफांची राजाची युद्धनौका, बरोबर रॉबर्ट क्लाइव्हचं पायदळ, आणि जमिनीवर पेशव्यांची फौज. तुळाजी तहाच्या बोलण्यासाठी पेशव्यांच्या छावणीत गेले होते. आरमार किल्ल्याच्या आसऱ्याला, वाघोटणच्या खाडीत, जहाजाला जहाज बांधून उभं. किल्ल्याच्या आसऱ्याला यावं हे तर आज्ञापत्रातलंच सांगणं, पण ते बाहेरच्या समुद्रात पुन्हा निघता येईल या हिशेबानं होतं. इथे वल्ही नाहीत, वाट नाही, पाठीमागे जाणं नाही. अंतर आता वॉटसन ठरवणार होता. १२ फेब्रुवारी १७५६ ला दुपारनंतर एक पेटता गोळा बांधलेल्या जहाजांपैकी एकावर पडला. ते जहाज होतं 'रिस्टोरेशन', सात वर्षांपूर्वी मोठ्या कौतुकानं पकडून आणलेलं. त्यावरून आग शेजारच्यावर, तिथून पुढच्यावर, आणि संध्याकाळपर्यंत आंग्र्यांचं आरमार उरलं नाही. दुसऱ्या दिवशी किल्लाही गेला. तुळाजींचं उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेलं.

शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट इथेच संपते. पण विजयदुर्ग पुढे पेशव्यांकडे आला आणि तिथे आनंदराव धुळप आरमाराचे सुभेदार झाले. त्यांची जहाजं पुन्हा गुराबा आणि गलबतंच होती. १७८३ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीजवळ त्यांची गाठ इंग्रजांच्या 'रेंजर' नावाच्या बारा तोफांच्या जहाजाशी पडली. झुंज बराच वेळ चालली, शेवटी मराठे जहाजाला भिडले आणि तलवारी घेऊन वर चढले. 'रेंजर' बुडालं नाही. त्याला ओढून विजयदुर्गाच्या बंदरात आणलं.